टेबलावर सगळंच दिसत असेल तर ते आरमारी युद्ध कसलं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत सुट्टीत घरबसल्या खेळायच्या खेळांचं पान होतं, त्यात आधुनिक नौदल आणि विमानांच्या वॉरगेम्सवर, म्हणजे नियम आणि फासे घेऊन टेबलावर लढाई खेळायच्या खेळांवर, अर्धा रकाना होता. आधी बरं वाटलं, कारण मराठी पेपरात हा विषय मी तरी आजवर पाहिला नव्हता, आणि मग खालच्या चौकटीपाशी आलो आणि हातातला चहा तसाच राहिला. चौकटीत नवीन माणसाला सल्ला दिलाय की रूलबुक जितकं जाड तितका खेळ खरा, म्हणून घ्यायचंच तर सगळ्यात जाड घ्या, आणि एक मोठं टेबल बघा म्हणजे जहाजांची मॉडेल्स समोरासमोर नीट मांडता येतील. बाजूला फोटो, त्यात दोन डिस्ट्रॉयर एकमेकींपासून वीतभर अंतरावर उभ्या आहेत, जणू आमच्या रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात मासे उतरवायला आल्यात.

मी बँकेतून रिटायर झालेला माणूस, नेव्हीत कधी नव्हतो, पण हा नाद मला बारा वर्षं आहे आणि त्यातली पहिली चार वर्षं मी नेमक्या ह्याच सल्ल्यावर फुकट घालवली, म्हणून लिहितोय.

आधी साधा हिशोब करू. जहाजांच्या मिनिएचर्समध्ये १:३००० हा चालता स्केल आहे, म्हणजे ११५ मीटरची डिस्ट्रॉयर पावणेचार सेंटिमीटरची होते, दिसायला एकदम झकास. आता त्याच स्केलने १९७१ च्या युद्धातल्या, जहाजांवर मारायच्या स्टिक्स मिसाईलचा ४० किलोमीटरचा टप्पा जमिनीवर मांडा, तो होतो १३ मीटर. ब्राह्मोसचा सुरुवातीचा २९० किलोमीटरचा टप्पा धरलात तर ९७ मीटर, म्हणजे एक खेळाडू आमच्या ओटीवर आणि दुसरा गल्लीच्या टोकाला, मध्ये दोन कुत्री आणि रिक्षा. म्हणजे कितीही मोठं टेबल आणलंत तरी मॉडेलचा स्केल आणि अंतराचा स्केल एक होणार नाही. आमच्या हॉलला जुन्या मोझॅइकच्या दहा इंची लाद्या आहेत, उभ्या १८ आणि आडव्या १४, आम्ही एक लादी म्हणजे ५ किलोमीटर धरतो, मग स्टिक्सचा टप्पा होतो आठ लाद्या आणि सगळं समुद्रयुद्ध घरात मावतं. पण ह्या हिशोबाने खरी मिसाईल बोट केवढी दिसायला हवी माहितीये? ३९ मीटर भागिले वीस हजार, दोन मिलिमीटर, मोहरीचा दाणा! मॉडेल ठेवायचं ते डोळ्यांना बरं वाटावं म्हणून, खेळ त्याच्यावर चालत नाही. आम्ही तर बरेचदा वालाच्या बियाच ठेवतो (सौ. मोजून देते, मोजून परत घेते).

आता जाड पुस्तकाचं. पहिल्यांदा मी परदेशातून नियमांचं एक भलं जाडजूड सेट मागवलं, नाव सांगत नाही, खेळ वाईट नव्हता, माझी अक्कल वाईट होती. रात्री जेवणं उरकून साडेनऊला बसलो, मी आणि आमचे साडूभाऊ, ते मर्चंट नेव्हीत चीफ इंजिनिअर होते. एक मिसाईल उडवायची तर आधी हा तक्ता, मग तो तक्ता, मग समुद्र किती खवळलाय त्याचे गुण, मग रडार कुठल्या पिढीचं, मग लागलं तर जहाजाच्या कुठल्या भागात, मग आग, मग पाणी किती शिरलं. रात्री एक वाजता दुसरा टर्न संपला. साडूभाऊ केव्हाच लोडाला टेकून घोरत होते आणि सकाळी चहा पिताना म्हणाले, "अहो एवढं सगळं मोजलंत, पण मला ती बोट पहिल्या मिनिटापासून दिसत कशी होती?"

मला उत्तर देता आलं नाही. नियम निवडताना पहिला प्रश्न हाच विचारायला हवा होता आणि आपल्या त्या अर्ध्या रकान्यात नेमका तोच नाही. आधुनिक समुद्रयुद्धात मारणं हे शेवटचं पाऊल, त्याच्या आधीचे चार-सहा तास सगळे शोधण्यात आणि लपण्यात जातात. ज्याला आधी कळलं समोर कोण आहे आणि कुठे आहे, त्याने निम्मी लढाई मारली. आणि आपण काय करतो, दोन्ही आरमारं उजेडात फरशीवर मांडतो आणि मग मिसाईल लागायची टक्केवारी दशांशापर्यंत काढत बसतो. लग्नाच्या पत्रिकेचं शुद्धलेखन तपासायचं आणि मुलगी बघायचीच राहून जायची, तसलं.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी हे बरोबर ओळखलं होतं. १९४२ साली लिव्हरपूलला डर्बी हाऊसमध्ये वेस्टर्न अ‍ॅप्रोचेस टॅक्टिकल युनिट म्हणून एक खोली सुरू झाली, कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स नावाचा अधिकारी आणि हाताखाली नेव्हीतल्या तरुण मुली. फरशीवर चौकोन आखलेले, त्यावर जहाजांच्या खुणा, आणि अटलांटिकमधल्या काफिल्याचं रक्षण करणारे कॅप्टन हे त्या फरशीच्या कडेला कापडी पडद्यांमागे बसायचे, पडद्याला भोक, त्यातून त्यांना तेवढंच दिसायचं जेवढं त्यांच्या जहाजावरून दिसलं असतं. ह्याच्याही पुढची गंमत म्हणजे जहाजांचा माग पांढऱ्या खडूने काढायचा आणि जर्मन पाणबुडीचा हिरव्या, कारण तपकिरी लिनोलियमवर हिरवा खडू पडद्यामागून तिरका बघताना दिसतच नसे. काय डोकं आहे बघा! इथून निघालेले डावपेच खऱ्या समुद्रात वापरले गेले, आणि सामान काय तर खडू, कापड आणि फरशी.

आम्ही चादर लावली. लेकीला अंपायर केलं, ती सीए आहे त्यामुळे कोणाचं ऐकत नाही. हॉल तिचा, साडूभाऊ आतल्या खोलीत, आणि भाचा इंजिनिअरिंगच्या सुट्टीत आलेला तो ओटीवर, दोन्ही दारांना चादरी. प्रत्येकाकडे फक्त ग्राफपेपर आणि पेन्सिल. दर टर्नला चिठ्ठी आत द्यायची, दिशा काय, वेग काय, रडार चालू की बंद, आणि लेक चिठ्ठीवर उत्तर लिहून परत देणार.

मांडलं काय तर ४ डिसेंबर १९७१ ची रात्र, ऑपरेशन ट्रायडेंट, ज्याच्यामुळे आपण त्या तारखेला नेव्ही डे करतो. निपात, निर्घात, वीर ह्या तीन मिसाईल बोटी, प्रत्येकीवर चार स्टिक्स म्हणजे एकूण बारा, सोबत किल्टन आणि कच्छल ही दोन संरक्षक जहाजं. दिवसा पाकिस्तानी विमानांच्या टप्प्याबाहेर थांबून अंधार पडल्यावर कराचीकडे घुसायचं. भाच्याला मी फक्त एवढंच सांगितलं की तू कराचीबाहेर गस्त घालणारी डिस्ट्रॉयर खैबर आहेस, युद्ध सुरू झालंय. इतिहास त्याला माहीत नव्हता, आताच्या पोरांना कुठे असतो. (आदल्या आठवड्यात हाच डाव चादरीशिवाय उघड्यावर खेळलो होतो तेव्हा ह्याच पोराने आमच्या बोटी फरशीवर दिसल्याबरोबर खैबर वळवून सरळ बंदरात नेऊन घातली होती, वर म्हणतो कसा, मामा तुमचा प्लॅन फसला.)

साडूभाऊंच्या हट्टाने लेकीने मध्ये व्यापारी जहाजं आणि मच्छीमारांच्या बोटीही टाकल्या होत्या. त्यांचं म्हणणं, रात्री रडारवर ठिपका हा ठिपका असतो, त्याच्यावर पाटी नसते. आमच्याकडे रात्री भगवती किल्ल्यावरून समुद्राकडे बघा, ट्रॉलरचे दिवे मोजता मोजता थकाल, त्यातला वेगळा कोण ते सांगून दाखवा. त्यामुळे दोन्ही बाजू नुसत्या चाचपडत होत्या, साडूभाऊंनी एक अख्खा टर्न एका मच्छीमाराच्या मागे घालवला.

आणि मग लेकीने ओटीवर चिठ्ठी दिली: दक्षिणेकडून आकाशात एक प्रखर उजेड दिसतोय, वेगाने जवळ येतोय. पोराने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "दुसरं काय असणार, विमान! विमानविरोधी तोफा चालू करा." लेकीने माझ्याकडे बघितलं आणि मी तोंडावर हात ठेवला, कारण १९७१ ला खैबरवर अगदी हेच झालं होतं. त्यांनी येणारं मिसाईल विमान समजून त्यावर बोफोर्स तोफा झाडल्या आणि मिसाईल लागल्यावरही आमच्यावर विमानाने हल्ला केला असाच मेसेज पाठवला. त्या रात्री खैबर, मुहाफिझ नावाची माइनस्वीपर आणि व्हीनस चॅलेंजर हे व्यापारी जहाज बुडालं, आपलं एकही नाही. आमच्या घरीच लिहिलेल्या दोन पानी नियमांतून एका पोराने नकळत तीच चूक परत केली. जाड पुस्तकात खैबरच्या तोफांचा तक्ता निर्दोष होता हो, पण तिच्या कॅप्टनला त्या रात्री काय वाटलं असेल ते एका चिठ्ठीत आलं.

आणि पुढे ६ डिसेंबरला पाकिस्तानच्याच विमानांनी त्यांच्याच झुल्फिकार ह्या फ्रिगेटला भारतीय मिसाईल बोट समजून झोडपलं. तुमच्या नियमांत स्वतःच्या जहाजावर हल्ला होण्याची शक्यता आहे का? नसेल तर ते आधुनिक युद्धाचे नियम नाहीत. मे २०२५ मधल्या त्या रात्री आपले काही चॅनेलवाले कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं घसा फोडून सांगत होते आणि तसलं काही झालंच नव्हतं, तेव्हा मी लेकीला म्हटलं, बघ, ह्यांना अंपायर नाहीये.

आता पुढचं, मिसाईल लागतं की नाही ह्याचं. पुष्कळ नियमांत प्रत्येक मिसाईलला एक ठरलेला आकडा असतो, म्हणजे स्टिक्स आहे ना, मग दहापैकी सात वेळा लागणार, टाका फासा. हे तपासायला माझी एक कसोटी आहे, फुकट आहे, घ्या. २१ ऑक्टोबर १९६७ ला इजिप्तच्या छोट्या बोटींनी स्टिक्स मारून इस्रायलची एलात ही डिस्ट्रॉयर बुडवली. १९७१ ला आपण कराचीला तेच केलं. आणि ६-७ ऑक्टोबर १९७३ च्या रात्री लटाकिया बंदरासमोर सीरियाच्या बोटींनी तेच स्टिक्स इस्रायली बोटींवर सोडले, एकही लागलं नाही, आणि ज्यांच्या गॅब्रिएल मिसाईलचा टप्पा स्टिक्सच्या जेमतेम निम्मा होता त्या इस्रायली बोटींनी पाच सीरियन जहाजं बुडवली. मिसाईल तेच, सहा वर्षांत तीन लढाया, दोनदा कहर आणि एकदा फुसका बार. फरक मिसाईलमध्ये नव्हता, ज्याच्यावर सोडलं त्याच्यात होता, १९७३ ला इस्रायलींना काय येणार हे माहीत होतं आणि त्यांनी जॅमिंगची आणि चॅफची, म्हणजे रडारला फसवणाऱ्या धातूच्या पट्ट्यांची, तयारी करून ठेवली होती. तेव्हा कुठलंही सेट विकत घेण्याआधी ह्या तीन रात्री त्यावर खेळून बघा. ज्या नियमांत लांब टप्प्यावाला दर वेळी जिंकतो ते सेट रद्दीत.

वेळेचाही हिशोब करा जरा. जहाजाच्या डोलकाठीवर १६ मीटर उंच रडार आहे आणि मिसाईल पाण्यापासून ४ मीटरवरून येतंय, तर पृथ्वीच्या गोलाईमुळे ते साधारण २५ किलोमीटरवर आल्याशिवाय दिसतच नाही, रडार कितीही भारी असो. ध्वनीपेक्षा जरा कमी वेगाचं असेल तर तिथून पोचायला सव्वा-दीड मिनिट, आणि ब्राह्मोससारखं असेल तर पंचवीस-सव्वीस सेकंद! आता तुमच्या खेळाचा टर्न जर तीन मिनिटांचा असेल तर ते मिसाईल सोंगटीसारखं लादीलादीने सरकवण्यात काही अर्थ नाही, सोडलं आणि पोचलं एकाच टर्नला. तेव्हा आधी काय तयारी करून ठेवली होती ते महत्त्वाचं, आयत्या वेळी कॅप्टन काय करणार.

आणि रडार चालू की बंद हा निर्णय खेळाडूच्या हातात हवाच हवा. चालू केलं तर दिसतं, पण तुम्हाला जेवढं दिसतं त्याच्या कितीतरी लांबून तुम्ही दिसता, अंधारात बॅटरी लावून शोधायला गेल्यासारखं. फॉकलंडच्या युद्धात ४ मे १९८२ ला अर्जेंटिनाच्या दोन विमानांनी पाण्याला चिकटून येऊन क्षणभरच वर उठून रडारने पाहिलं, एक्झोसेट मिसाईल सोडली आणि परत खाली, आणि शेफील्ड ह्या ब्रिटिश डिस्ट्रॉयरवर नेमकं तेव्हा सॅटेलाइटवरून बोलणं चालू होतं त्यामुळे दुसऱ्याचं रडार ऐकणारं त्यांचं यंत्र आंधळं झालेलं. वीस माणसं गेली. अर्जेंटिनाकडे विमानातून सोडायच्या एक्झोसेट होत्या एकूण पाच, एवढ्याशा पाचांनी ब्रिटिशांच्या विमानवाहू जहाजांना लांब राहायला लावलं. मग तुमच्या नियमांत मिसाईल मोजून दिलीयेत की कधी संपतच नाहीत, हेही बघायचं.

विमानांचं प्रकरण वेगळं आहे आणि इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. वाटतं की जहाजांचं एक सेट घ्यावं, विमानांच्या झटापटीचं दुसरं घ्यावं आणि दोन्ही एकाच फरशीवर खेळावं. मी करून बघितलंय, नका करू. ३० नॉट्सने जाणारं जहाज तीन मिनिटांत आमच्या हिशोबाने अर्धी लादी सरकतं, ताशी ९०० किलोमीटरचं जेट तेवढ्यात नऊ लाद्या. आणि दोन विमानांची आपसातली झटापट ही सेकंदांवर मोजायची गोष्ट, उंची किती, वेग किती उरलाय, कोण आधी वळला. म्हणजे जहाजवाला खेळाडू हातावर हात ठेवून बसणार आणि विमानवाले दोन तास त्याच्या एका टर्नमध्ये गोल गोल फिरणार. भाचा असा बसला होता, शेवटी त्याने मोबाईल काढला.

म्हणून आधी ठरवा की तुम्ही कुठल्या खुर्चीत बसणार. पायलटच्या बसायचं असेल तर झटापटीचे नियम घ्या, त्यात जहाजं विसरा, एक-दोन विमानं प्रत्येकाला बास. हल्ल्याची आखणी करणाऱ्याच्या खुर्चीत बसायचं असेल तर ली ब्रिमिकोम-वूडचा डाउनटाउन हा गेम आहे, २००४ चा, उत्तर व्हिएतनामवरच्या अमेरिकन हवाई हल्ल्यांचा, त्यात एकेक विमान नाही तर टोळीने जातात आणि जमिनीवरच्या मिसाईलच्या जागा समोरच्याने लपवून ठेवलेल्या असतात, परत तीच आपली चादर. आणि आरमाराच्या कमांडरच्या खुर्चीत बसायचं तर विमान म्हणजे लांबून येणारा एक ठिपका आणि एक फासा, एवढं पुरे. झटापटीचे नियम किती वाढू शकतात ते बघायचं तर १९७७ साली एसपीआय ह्या अमेरिकन कंपनीने एअर वॉर नावाचा गेम काढला होता, तो आजही किचकटपणासाठीच आठवला जातो.

जहाजांसाठी म्हणाल तर हार्पून हे नाव येणारच, लॅरी बाँड हा अमेरिकन नेव्हीतला माणूस, १९८० साली पहिल्यांदा छापलं, तीन मिनिटांचा लढाईचा टर्न आणि शोधाशोधीसाठी तीस मिनिटांचा वेगळा, ही दोन घड्याळांची कल्पना मला अजूनही फार पटते आणि लपवाछपवीला अंपायर घेऊन खेळलं तर त्याच्यासारखं दुसरं नाही. पण ते चौथं-पाचवं सेट म्हणून घ्या. शिपरेक म्हणून मार्टिन बोर्नचं आहे ते त्यामानाने हलकं. आणि काहीच घ्यायचं नसेल तर वेन ह्यूज ह्या अमेरिकन कॅप्टनचं एक साधं गणित आहे, अचूक नेमाने सोडलेल्या मिसाईलमधून समोरच्याने अडवलेली वजा करायची आणि एक जहाज निकामी करायला किती लागतात त्याने भागायचं. आठ आली, पाच अडवली, दोन लागतात, म्हणजे दीड जहाज गेलं. आमची दोन पानं ह्याच वजाबाकीवर उभी आहेत, फक्त किती अडवली ते फाशावर आणि समोरचा जागा होता की झोपलेला ह्यावर.

फासे टाकतात म्हणजे पोरखेळ, असं आमच्या शेजारच्या काकांचं मत आहे, त्यांच्यासाठी सांगतो. जानेवारी २०२३ मध्ये वॉशिंग्टनच्या सीएसआयएस ह्या संस्थेने तैवानवर चीनने हल्ला केला तर काय होईल ह्याचा अहवाल काढला, तो कशावरून, तर हाच खेळ नकाशावर सोंगट्या आणि फासे घेऊन चोवीस वेळा खेळून. चोवीस वेळा! आम्ही कराची आत्तापर्यंत सहा वेळा खेळलोय आणि दोनदा आमच्या बोटी परतल्या नाहीत.

एवढंच की पुढच्या वेळी ती चौकट छापाल तेव्हा जाड पुस्तक आणि मोठं टेबल काढून चादर, दोरी आणि एक न ऐकणारा अंपायर असं छापा, आणि वीतभर अंतरावरच्या डिस्ट्रॉयरचा फोटो तर नकोच.

येत्या रविवारी आमच्याकडे आपल्या खुकरी ह्या फ्रिगेटची लढाई मांडायची आहे, ९ डिसेंबर १९७१, दीवजवळ. हँगोर ह्या पाकिस्तानी पाणबुडीने तिला बुडवलं, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक. हा डाव मांडावा की नाही ह्यावर घरात दोन दिवस वाद चालला. साडूभाऊ शेवटी म्हणाले, खेळू, पण खुकरी मी चालवणार नाही, मला हँगोरही नको, मी कागद सांभाळतो. मग खुकरी माझ्याकडे आली. पाणबुडीवाला भाचा स्वयंपाकघरात बसणार आहे, दार लोटून, आणि त्याचा माग लेक जुन्या कॅलेंडरच्या मागे फिक्या पेन्सिलीने काढणार आहे म्हणजे पाणी प्यायला आत गेलो तरी मला दिसायला नको.

आपला,
एक जुना वाचक,
मारुती मंदिर परिसर, रत्नागिरी